केस नंबर चौदा

मालाडच्या पुढे, फर्निचरच्या दुकानावर,
तिसऱ्या मजल्याला कॉलेज.
लिफ्टमध्ये संस्थापकांचा फोटो, हार ताजा.
मी बाहेरून आलेली परीक्षक. माझ्यापुढे काजू, उपमा
आणि एकाच रंगाच्या कव्हरातली अठ्ठावीस केसबुकं.

प्रत्येकीच्या वहीत वीस बाळंतपणं.
प्रत्येक बाळ दोन किलो आठशे,
प्रत्येक बाळ लगेच रडलेलं.
कुणाला जास्त गेलं नाही, कुणाची वार अडकली नाही,
अठ्ठावीस वह्यांत एक बाई ओरडली नाही.
पाचशे साठ बाळं.
इतकी सुखरूप तर या शहरात
कुणाच्याच हातून झाली नसतील.

डेमो रूममध्ये एसी. टेबलावर सिलिकॉनची बाई,
गुडघ्याला पॅकिंगचं प्लास्टिक अजून चिकटलेलं.
बटण दाबलं की तिला कळा येतात म्हणे.
‘दाब,’ मी म्हटलं.
मुलीनं मॅडमकडे पाहिलं, मॅडमनी शिपायाकडे.
सेल संपले होते.

मी हसणार होते,
पण आमचं आठवलं.
महापालिकेचं स्कूल, फी नावापुरती,
वॉर्डात एका खाटेवर दोघी, तिसरी खाली सतरंजीवर.
पहिल्याच रात्री माझ्या हातात डोकं आलं
तेव्हा मोजा एकाच हातात चढला होता.
सकाळी सहाला सिस्टर कुवळेकर म्हणाल्या,
जमलं ना? मग पुढची बघ.
चाळीस केल्या मी,
असं का करायचं ते कुणी सांगायच्या आधी.
ट्यूटरची जागा दोन वर्षं रिकामी,
लायब्ररीला कुलूप, आत पुस्तकं कोरी करकरीत.
एकीच्या मांडीवर मी चापट मारली
तेव्हा कुणी माझा हात धरला नाही.
सगळ्याच मारत होत्या.
मारायची नसते, हे मला
माझ्या वेळी कळलं.

मग ही वही. ग्लेनिशा डाबरे, गाव गास, वसई.
तेरापर्यंत तेच, दोन किलो आठशे.
चौदाव्या पानावर अक्षर बदललेलं:

‘ही मी केली नाही. लाइट गेली होती.
डॉक्टर वाटेत होत्या. आयाबाई शेवंताताईंनी केली.
मी मोबाइलचा उजेड धरला.
बाळ एक किलो नऊशे पन्नास. दोन मिनिटं रडलं नाही.
ताईंनी पाठ चोळली. श्वासाची बॅग कुठे असते
मला माहीत नव्हतं.
नंतर त्यांनी वार ओंजळीत पसरून दाखवली,
म्हणाल्या, बोटानं चाचप, तुकडा कमी असला
तर बाई पहाटेपर्यंत जाते.
आईचं नाव नूरसबा.
तिनं माझं मनगट धरलं होतं.’

बोलावलं तिला.
‘मॅडमनी हे पान फाडायला सांगितलं होतं,’ ती म्हणाली,
‘पण मागच्या बाजूला पंधरावी होती.’
बाळ रडलं नाही तर पहिल्या मिनिटात काय करशील?
तिनं सांगितलं. क्रमानं, न अडखळता,
बॅग कुठल्या ट्रॉलीत, कुठल्या कप्प्यात, तेसुद्धा.
कधी पाठ केलंस?
‘त्याच रात्री. झोप येत नव्हती.’

माझ्या चाळीसांतल्या एकीचंही नाव
मला आज सांगता येणार नाही.
खाट नऊ. खाट अकराच्या खालची.

चौदावर सही केली. फक्त चौदावर.
प्राचार्य खुर्ची पुढे ओढत म्हणाले,
‘मॅडम, वीस करून टाका ना, राउंड फिगर.’
मी पेनचं टोपण लावलं, परत काढलं.
ग्लेनिशा अजून उभीच होती,
डाव्या हातानं उजवं मनगट धरून.
एका चिठ्ठीवर गोवंडीच्या प्रसूतिगृहाचा पत्ता लिहिला,
खाली: रात्रपाळी, माझं नाव सांग.
तिथेही शिकवायला कोणी नाही, हे लिहायचं राहिलं.

रिक्षात बसल्यावर पर्स उघडली
तर आत काजूची पुडी.
कधी ठेवली, कोणी ठेवली.